गर्भऊतकांची जैवपेढी : शास्त्र, कायदा आणि संमती

प्रास्ताविक

रक्तपेढी हा शब्द आता सर्वांच्या परिचयाचा झाला आहे. जैवपेढी हा शब्द मात्र अद्याप नवा आहे. रक्तपेढीतील रक्त रुग्णाला दिले जाते, तर जैवपेढीतील नमुना संशोधकाला दिला जातो, हा या दोहोंतील मुख्य फरक होय. गर्भपातानंतर मिळणाऱ्या गर्भाच्या ऊतकांची जैवपेढी कशी उभारली जाते आणि तिचा खरा आधार कोणता, हे स्पष्ट करण्याचा प्रयत्न प्रस्तुत लेखात केला आहे. आरोग्य साहाय्यक व प्रयोगशाळा तंत्रज्ञ घडविणाऱ्या कम्युनिटी कॉलेजच्या शिक्षकांना हा विषय जवळचा आहे, कारण अशा पेढीत प्रत्यक्ष नमुना हाताळणारे हात त्यांच्या विद्यार्थ्यांचेच असतील.

आवश्यकता

दक्षिण गुजरातमधील आदिवासी समाजांत सिकलसेलचा आजार आढळतो. या आजाराचे बाळ पहिले काही महिने बहुधा ठणठणीत असते, कारण त्याच्या रक्तात गर्भावस्थेतील हिमोग्लोबिन शिल्लक असते. ते कमी होऊन प्रौढ हिमोग्लोबिन वाढू लागले की त्रास सुरू होतो. गर्भाचे रक्त मुख्यतः यकृतात तयार होते. म्हणून हा बदल समजून घेण्यासाठी गर्भाचे यकृत अभ्यासणे उपयुक्त ठरते. मूळच्या मलेशियाच्या डॉ. मुझलिफा हनिफा व त्यांच्या सहकाऱ्यांनी ब्रिटनमध्ये २०१९ साली गर्भाच्या यकृतातील रक्तनिर्मितीचा पेशीनिहाय नकाशा प्रसिद्ध केला. त्यासाठीची ऊतके न्यूकॅसल व लंडन येथे १९९९ पासून चालत आलेल्या गर्भऊतक पेढीतून मिळाली होती. आपल्या देशातही आयआयटी मद्रासने २०२४ साली पाच गर्भांच्या मेंदूंचे ५,१३२ छेद घेऊन 'धरणी' हा त्रिमितीय नकाशा जगापुढे ठेवला.

कार्यपद्धती

ऊतक शरीराबाहेर आल्यापासून त्यातील आर.एन.ए. नष्ट होऊ लागते. त्यामुळे नमुना थंड द्रावणात ठेवून शक्य तितक्या लवकर प्रयोगशाळेत न्यावा लागतो. तेथे गर्भाचे वय मोजमापांवरून ठरविले जाते. काही भाग फॉर्मेलिनमध्ये मुरवून मेणाच्या ठोकळ्यात बसवितात. काही भाग उणे ८० अंशांवर किंवा उणे १९६ अंशांच्या द्रव नायट्रोजनमध्ये गोठवितात. प्रत्येक नमुन्याला सांकेतिक क्रमांक दिला जातो. संशोधकाला क्रमांक व गर्भाचे वय कळते, स्त्रीचे नाव कळत नाही.

संमतीचा क्रम

शीतकपाट पैशाने विकत घेता येते, विश्वास विकत घेता येत नाही. १९६२ साली अमेरिकेत लिओनार्ड हेफ्लिक यांनी स्वीडनमधून आणलेल्या गर्भाच्या फुफ्फुसापासून डब्ल्यूआय-३८ ही पेशीमालिका तयार केली. पुढे रुबेलाची लस तिच्यावर विकसित झाली आणि असंख्य बाळे जन्मजात व्यंगांपासून वाचली. परंतु ज्या स्त्रीचा तो गर्भ होता तिला कोणी विचारले नव्हते. लाभ मोठा होता म्हणून ही उणीव लहान ठरत नाही.

ब्रिटनमध्ये १९८९ साली पॉल्किंगहॉर्न समितीने याबाबत नियम सुचविले. गर्भपाताचा निर्णय आधी आणि स्वतंत्रपणे व्हावा. ऊतकाच्या वापराची संमती त्यापासून अलग असावी. संशोधकाचा उपचाराशी संबंध नसावा. कोणतेही आमिष दाखवू नये. क्रम उलटला, तर 'संशोधनाला उपयोग होईल' हे वाक्यच स्त्रीवर दडपण ठरते.

भारतीय कायदा

१९७१ चा वैद्यकीय गर्भपात कायदा २०२१ साली सुधारण्यात आला. त्यात स्त्रीची ओळख उघड न करण्याचे बंधन स्पष्ट केले आहे. गर्भपातासाठी प्रौढ स्त्रीची स्वतःची संमती पुरेशी असते, पतीची लागत नाही. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांत जैवपेढीवर स्वतंत्र प्रकरण असून नीतिसमितीची देखरेख आवश्यक मानली आहे. गर्भलिंग निदानविरोधी कायद्याचा हेतू लक्षात घेता नमुन्याचे लिंग कुटुंबाला कळू न देणे इष्ट.

२०१६ च्या जैववैद्यकीय कचरा नियमांनुसार असे ऊतक पिवळ्या पिशवीत जाते. 'नाहीतरी ते जाळलेच जाणार होते, मग विचारायचे कशाला?' हा युक्तिवाद येथूनच निघतो. तो फसवा आहे. टाकून देण्यास मूक मान्यता असणे म्हणजे जतन करण्यास, अभ्यासण्यास व इतरांना देण्यास मान्यता असणे नव्हे.

शरीअतची भूमिका

कुरआन शरीफमध्ये गर्भाच्या अवस्थांचे वर्णन आहे, आणि हजरत अब्दुल्ला इब्न मसऊद (रजि.) यांच्या हदीसच्या आधारे बहुसंख्य उलमा १२० दिवसांनंतर रूह फुंकली जाते असे मानतात. जिद्दा येथील इस्लामी फिकह अकादमीने मार्च १९९० मध्ये प्रत्यारोपणासाठी गर्भाच्या वापराचा विचार केला. ऊतक मिळविण्यासाठी गर्भपात घडविणे नाजायज. आपोआप झालेला किंवा शरई कारणाने केलेला गर्भपात तेवढा अपवाद. व्यापार मुळीच नको. देखरेख विश्वसनीय संस्थेची हवी, असा तिचा निर्णय आहे. तो प्रत्यारोपणाविषयी असला तरी त्यातील तत्त्वे संशोधनालाही विचारात घेण्याजोगी आहेत. पुष्कळ कुटुंबांना गर्भ दफन करावयाचा असतो. संमतिपत्रात तशी मुभा असावी.

समारोप

नवागाम-डिंडोली परिसरात खानदेशातून आलेली अनेक मराठी कुटुंबे राहतात. उद्या सुरतमधील एखाद्या रुग्णालयाने अशी पेढी सुरू केली, तर गुजराती किंवा इंग्रजी संमतिपत्र पुढे करून अंगठा घेणे ही संमती होणार नाही. ते त्या स्त्रीला घरच्या भाषेत, मग ती मराठी असो, अहिराणी असो वा उर्दू, एकांतात वाचून दाखविले पाहिजे आणि 'नाही' म्हटल्याने उपचारात काडीचाही फरक पडणार नाही हे सांगितले पाहिजे. वर्गात यासाठी एक साधा अभ्यास घेता येईल. एका विद्यार्थिनीने साहाय्यक व्हावे, दुसरीने रुग्ण व्हावे, आणि संमतिपत्र समजावून सांगितल्यावर रुग्ण झालेल्या विद्यार्थिनीने ते स्वतःच्या शब्दांत परत सांगावे. तिला सांगता आले नाही, तर समजावणे पुन्हा सुरू करावे. नमुना घेण्याचे शिक्षण त्यानंतर.