वाढदिवसाचं कार्ड करताय? आधी कागद बघा

घरी कार्ड करायचं म्हटलं की बहुतेक जण आधी ग्लिटर आणि स्टिकर आणतात. माझं ठाम मत असं की कार्ड उठून दिसतं ते कागदामुळे आणि घडीमुळे. मिलच्या कागदात तंतू मुख्यतः एकाच दिशेने पडलेले असतात. त्या दिशेला समांतर घडी घातली तर ती स्वच्छ बसते; आडवी घातली तर गडद रंगाच्या जाड कागदावर पांढरट तडे दिसतात. ही दिशा ओळखणं सोपं आहे. कागद न दुमडता आधी उभा, मग आडवा हलकेच वाकवायचा. जिकडे तो सहज वळतो, तिकडेच घडी घालायची. त्याआधी पट्टी धरून शाई संपलेल्या बॉलपेनने रेघ दाबून घ्यायची. २०० ते २५० जीएसएमचा ए४ कागद अर्धा कापून दुमडला की ए६ आकाराचं कार्ड तयार.

‘चित्रकला येत नाही’ असं अनेक जण म्हणतात. पण घडी नेटकी असेल तर एक रंगीत पट्टी आणि वळणदार अक्षरातलं नाव पुरतं. मिलच्या कागदाला पर्यायही आहे: पुण्यात १९४० पासून सुती चिंध्यांचा हातकागद बनतो आहे. त्यात तंतू सगळीकडे विखुरलेले असल्यामुळे घडीच्या दिशेची फारशी चिंता नसते. तो महाग पडतो आणि काही कागदांवर शाई फुटते, हा आक्षेप रास्त आहे. म्हणून हातकागद फक्त बाहेरून वापरावा आणि मजकुरासाठी आत साधा गुळगुळीत कागद चिकटवावा.