ऊसतोडीहून परतलेले मूल आणि आपले कर्तव्य

आपल्या बीड जिल्ह्यातील हजारो कुटुंबे दसरा-दिवाळीच्या सुमारास कोयता घेऊन पश्चिम महाराष्ट्र व कर्नाटकातील साखर कारखान्यांवर जातात. मार्च-एप्रिलमध्ये पट्टा पडला की परततात. तोवर मूल कोपीवर धाकट्या भावंडांना सांभाळते. परत आल्यावर वर्गातील धडे पुढे गेलेले, खेळातील जोड्या जमलेल्या, १४ एप्रिलच्या जयंतीसाठी लेझीम पथकही भरलेले! स्वतःच्याच गावात ते पाहुणे ठरते.

२००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने ६ ते १४ वर्षांच्या मुलास वयानुरूप वर्गात प्रवेश मिळतो. दाखला नाही म्हणून शाळेला नकार देता येत नाही. परंतु हजेरीपटावर नाव चढले म्हणजे मूल समाजात मिसळले असे नव्हे. तेथून पुढचे काम आपले आहे.

सभासदांनी लेझीम पथकात या मुलांसाठी जागा राखाव्यात. त्यांना नुसते बघायला न बोलावता पताका लावणे, पाणी वाटणे अशी कामे सोपवावीत. विद्यार्थी मित्रांनो, प्रत्येकाने एका मुलाचा बुडालेला अभ्यास रोज तासभर घ्यावा. त्याने पाहिलेला मुलूखही त्याच्याच तोंडून ऐकावा. ज्याचे ऐकले जाते, ते मूल परके राहत नाही.