हवेचा हिशोब

रात्रीचे साडेअकरा. गाणं बंद केलेलं, तरी स्पीकर पंचम धरून बसलेला. आवाज बारीक, पण ठाम. पेटीवर ताडून पाहिला तर पांढरी एकचा मंद्र पंचम निघाला, किंचित चढा. तानपुऱ्याची पहिली तार कुणी मिळवून ठेवावी तसा. नव्याने जोडलेला अँप्लिफायर चालू झाल्याचा आनंद जेमतेम दहा मिनिटं टिकला होता.

हा पंचम येतो घरातल्या विजेतून. आपल्याकडची वीज सेकंदाला ५० आवर्तनं घेते. ब्रिज रेक्टिफायर प्रत्येक आवर्तनाचे दोन्ही अर्धे सरळ करून पुढे पाठवतो, त्यामुळे फिल्टर कपॅसिटरला सेकंदाला १०० वेळा प्रवाहाचा घोट मिळतो. पांढरी एकचा मंद्र पंचम ९८ हर्ट्झचा. वरच्या दोन हर्ट्झमुळे तो चढा लागतो एवढंच.

पहिला संशय अर्थातच कपॅसिटरवर. पुण्यातल्या तपकीर गल्लीत जाऊन ४७०० मायक्रोफॅरडच्या जागी १०,००० चे आणले, अंगठ्याएवढे जाड. गुणगुण तेवढीच. ट्रान्सफॉर्मर हातभर लांब नेला. तरी तेवढीच. शेवटी मल्टीमीटर बाजूला ठेवला आणि नुसता वायरींकडे बघत बसलो, तेव्हा चूक दिसली. कपॅसिटरला परत जाणारी जी ग्राउंडची वायर होती, तिच्यावरच मध्ये कुठेतरी मी इनपुटच्या सॉकेटचं ग्राउंड सोल्डर करून टाकलं होतं. जवळ पडत होतं म्हणून.

दहा सेंटिमीटरची पातळ वायर, रोध फार तर साडेतीन मिलिओहम. कोण लक्ष देतो? पण कपॅसिटर भरताना तिच्यातून अर्धा अँपिअर जरी धावला, तरी दोन टोकांत पावणेदोन मिलिव्होल्ट उभे राहतात. अँप्लिफायरमधल्या एलएम३८८६ या चिपला गाणं कुठलं आणि कचरा कुठला हे कळत नाही. ती इमानेइतबारे त्याचे वीसपट करते. झाले ३५ मिलिव्होल्ट. रात्रीच्या शांततेत तेवढे पुरतात. सगळी ग्राउंड एकाच बिंदूवर आणून जोडली आणि पंचम गेला. खर्च शून्य. कपॅसिटरचे पैसे गेले ते गेलेच.

पैसे भलतीकडे घालण्याची ही खोड मला सायकलवरही आहे. रोड सायकलच्या दुकानात गेलं की माणूस आधी एका बोटाने सायकल उचलून बघतो. एक किलो हलकी फ्रेम म्हटली की किंमत कित्येक हजारांनी चढते. आता हिशोब करा. स्वार आणि सायकल मिळून ८० किलो धरले तर एक किलो म्हणजे सव्वा टक्का. अर्ध्या तासाच्या घाटात वाचतात साधारण बावीस सेकंद. वर पोचल्यावर चहा मागवायला त्याहून जास्त वेळ लागतो.

सपाटीवर तर वजनाचा प्रश्न जवळजवळ मिटतोच. तिथे खरं गिऱ्हाईक म्हणजे हवा. ताशी २० किलोमीटरने आरामात जाताना पायांना साधारण ६० वॅट द्यावे लागतात, ३० ला दीडशेच्या वर आणि ४० ला सव्वातीनशेच्याही पुढे. वेग दुप्पट केला की दर सेकंदाला दुप्पट हवा समोर येते आणि ती दुप्पट जोराने बाजूला सारावी लागते, म्हणून विरोध चौपट. शिवाय त्या चौपट विरोधातून दर सेकंदाला अंतरही दुप्पट कापायचं, म्हणून हवेपुरती शक्ती आठपट. चाळिशीच्या वेगात पायांनी दिलेल्या शंभर वॅटांतले पंच्याऐंशीच्या आसपास हवाच खाते. रस्ता, टायर, बेअरिंग यांच्या वाट्याला उरलेले. नुसतं कोपर वाकवून, खालचं हँडल धरून अंग लहान केलं तर हवेचा हा भार पाचव्या हिश्श्याने तरी हलका होऊ शकतो. फुकट.

१९८९ च्या टूर द फ्रान्सचा शेवटचा दिवस आठवणारे अजून आहेत. व्हर्सायपासून पॅरिसपर्यंत २४.५ किलोमीटर, प्रत्येकाने एकट्याने घड्याळाशी शर्यत करायची. फ्रान्सचा लोराँ फिन्याँ ५० सेकंदांनी पुढे होता. अमेरिकेच्या ग्रेग लेमाँडने पुढे लांब दांड्या बसवलेलं हँडल लावलं, हात जुळवून त्यावर टेकले, डोक्यावर निमुळतं हेल्मेट. फिन्याँ उघड्या डोक्याने, शेंडीसारखा बांधलेला केसांचा झुपका वाऱ्यावर सोडून. अख्ख्या शर्यतीचा निकाल लागला आठ सेकंदांच्या फरकाने, लेमाँडच्या बाजूने. त्या झुपक्याचा हिशोब लोक आजही मांडतात.

चेनच्या तेलावरून मात्र आमच्यात हाणामारी व्हायची बाकी असते. कुणाचं मेण, कुणाचं परदेशी तेल. पुण्यातल्या जुन्या कारागिरांनी तर ओव्हरहॉलिंगचं 'ओव्हरऑइलिंग' करून विषयच संपवला आहे. जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात १९९९ मध्ये चेनची कार्यक्षमता मोजली तेव्हा ती अनुकूल स्थितीत ९८.६ टक्क्यांपर्यंत गेली आणि प्रयोगशाळेतल्या स्वच्छ चेनवर तेल कोणतं आहे याने फारसा फरक पडला नाही. (आपली चेन प्रयोगशाळेत नसते, धुळीत असते, तेव्हा पुसत जा.)

चेन एवढी काटकसरी, तर स्पीकर उधळ्या. आमच्यासारखे हौशी लोक वापरतात तो साधा स्पीकर मिळालेल्या विजेपैकी अर्धा टक्कासुद्धा आवाजात बदलत नाही. बाकीची उष्णता. तरी गाडी चालते, कारण कानाला फार थोडं लागतं. एका वॅटला एक मीटरवर ८८ डेसिबल देणारा स्पीकर असेल, तर खोलीत निवांत ऐकायला वॅटाचा विसावा भाग पुरतो. मग पन्नास वॅटचा अँप्लिफायर कशाला? आवाज दुप्पट मोठा वाटायला शक्ती साधारण दहापट लागते म्हणून. तबल्याची एक थाप आली की तो विसावा भाग क्षणात कित्येक पटींनी वर जातो. पण वीस वॅटचा अँप्लिफायर काढून चाळीसचा लावला तर फरक तीन डेसिबलचा. पाहुणा विचारेल, "वाढवलंय का?" एवढाच.

स्पीकरच्या खोक्यात मात्र सायकलला अडवणारी हीच हवा कामाला लागते. बंद खोक्यातली हवा म्हणजे स्प्रिंग. १९५४ मध्ये अमेरिकेत एडगर व्हिलचूर यांनी एआर-१ हा स्पीकर काढला. त्यात स्पीकरच्या शंकूला आवरण्याचं काम ताठ कडांऐवजी आतल्या कोंडलेल्या हवेकडे दिलं होतं. खोक्याला भोक ठेवून त्यात नळी बसवली की मामला बाटलीच्या तोंडावर फुंकण्यासारखा होतो: नळीतली हवा हे वजन, खोक्यातली हवा ही स्प्रिंग. २० लिटरचं खोकं, ५ सेंटिमीटर व्यासाचा पीव्हीसी पाइप १२ सेंटिमीटर लांब ठेवला तर ते ४३ हर्ट्झच्या आसपास घुमतं. तोच पाइप निम्मा कापला की ५५. प्लंबरकडून उरलेला तुकडा, करवत आणि थोडा धीर. मी पहिला पाइप आखूड कापला होता, त्यामुळे बराच काळ आमच्याकडे प्रत्येक तबला डग्गाच वाटायचा.

दोन्ही छंद खरोखर एका जागी भेटतात ते सायकलच्या क्रँकमध्ये. जर्मन इंजिनिअर उलरिख शोबरर यांनी १९८६ च्या सुमारास क्रँकमध्येच वॅटमापक बसवला. पेडल दाबलं की धातू डोळ्यांना न दिसेल इतका वाकतो, त्यावर चिकटवलेल्या पातळ पत्रीचा रोध किंचित बदलतो आणि व्हीटस्टोन ब्रिजमधून काही मिलिव्होल्ट बाहेर येतात. ते वाढवायला अँप्लिफायर. तिथेही ग्राउंड चुकीच्या जागी जोडलं तर पायांनी न दिलेले वॅट दिसणारच. माझ्याकडे हा मापक नाही. त्या पैशांत पाच अँप्लिफायर होतात.

माझ्याकडे आहे ती टायरमधली हवा. डनलॉपने १८८८ मध्ये बेलफास्टला ती मुलाच्या तिचाकीत भरली, तेव्हापासून टायर जितका कडक तितका बरा, असं पिढ्यान् पिढ्या मानलं गेलं. गुळगुळीत लाकडी ट्रॅकवर ते बरंचसं खरं. आपल्या रस्त्यावर फार कडक टायर प्रत्येक खडीवर स्वाराला वर उडवतो; ती ऊर्जा पाठीत आणि दंडांत जिरते, पुढे नेत नाही. २८ मिलिमीटरच्या टायरला, माझ्या वजनाला ८० पीएसआय पुष्कळ झाले.

घरचा पंप बिघडल्यापासून कोपऱ्यावरच्या पंक्चरवाल्याकडे जातो. तो बारीक व्हॉल्व्हवर अडॅप्टर फिरवतो आणि न चुकता विचारतो, "काका, टाइट मारू ना?" मी ऐंशी सांगतो, तो शंभर मारतो. मी मान डोलावतो आणि पुढच्या वळणावर, त्याला दिसणार नाही अशा बेताने, थोडी सोडून देतो.