बौद्धिक अक्षमता आणि अल्पकालीन प्रत्यभिज्ञा : मापनाचा एक प्रश्न

प्रस्तावना :
स्मृतीची तपासणी मुख्यतः दोन रीतींनी केली जाते. अनुभवलेली गोष्ट आठवून सांगणे म्हणजे प्रत्यावाहन, तर समोर आलेली गोष्ट पूर्वी अनुभवली आहे हे ओळखणे म्हणजे प्रत्यभिज्ञा. बौद्धिक अक्षमता असलेल्या व्यक्तींच्या मूल्यमापनात या भेदाकडे पुरेसे लक्ष दिले जात नाही, असे प्रस्तुत लेखिकेस वाटते.

महाराष्ट्रात या कामी बिने-कामत कसोटी दीर्घकाळ वापरात आहे. स्टॅनफर्ड-बिने कसोटीचे डॉ. व्ही. व्ही. कामत यांनी मराठी व कन्नडमध्ये केलेले हे रूपांतर होय. त्यात ऐकलेले अंक त्याच क्रमाने म्हणून दाखवावे लागतात. मूल तीन अंकांवर अडखळले की ‘स्मृती कमजोर’ असा शेरा सहज पडतो. वस्तुतः येथे श्रवण, क्रम, मनातील उजळणी आणि उच्चार यांची एकत्रित परीक्षा होते. अशी मुले आपणहून उजळणी करीत नाहीत, शिकविल्यास मात्र त्यांची कामगिरी सुधारते, असे बेल्माँट व बटरफील्ड यांनी १९७० च्या सुमारास दाखविले. डाऊन सिंड्रोममध्ये शाब्दिक अल्पकालीन स्मृती दृश्य-अवकाशीय स्मृतीपेक्षा अधिक दुबळी असते, हे जॅरोल्ड व बॅडली यांच्या १९९७ च्या अभ्यासातून पुढे आले.

प्रत्यभिज्ञेच्या कसोटीत बोलावे लागत नाही. बोट दाखविले तरी पुरते. परंतु तीही निर्दोष नाही. शंका असल्यास ‘हो’ म्हणण्याकडे या व्यक्तींचा कल असतो, हे सिगेलमन व सहकाऱ्यांनी १९८१ मध्ये नोंदविले. केवळ आधी दाखविलेलीच दहा चित्रे पुन्हा दाखवून विचारल्यास सरसकट ‘हो’ म्हणणाऱ्यास दहापैकी दहा गुण मिळतील!

शिवाय प्रश्नाची भाषाही फसवी असते. तुळजापूरच्या मुलास भवानी मंदिराचे चित्र दाखवून ‘हे पाहिलंस का?’ असे विचारले, तर ते ‘हो’ म्हणेल आणि ते खरेच असेल. आपणास मात्र ‘आत्ता पाहिलेस का’ हे विचारावयाचे असते.

म्हणून नुकतेच दाखविलेले व न दाखविलेले, परंतु सारख्याच परिचयाचे, अशी दोन चित्रे शेजारी ठेवून ‘आत्ता दाखवलं ते कोणतं?’ असे विचारावे. घागरीबरोबर बादली चालेल. घागरीबरोबर पियानो नको. योग्य चित्राची बाजू बदलत राहावी. अशा दहा प्रयत्नांत निव्वळ अंदाजाने पाच उत्तरे बरोबर येणे स्वाभाविक; नऊ वा अधिक येण्याची शक्यता सुमारे एक टक्का. महाविद्यालयीन प्रात्यक्षिकात हे सहज करता येईल. अहवालात मात्र प्रत्यावाहन व प्रत्यभिज्ञा यांचे गुण स्वतंत्र लिहावेत, कारण शिक्षकास वर्गात चित्रे वापरावीत की तोंडी सूचना द्याव्यात, हे एकत्रित आकड्यावरून कळत नाही.