घरातील छतावरील प्रकाशयोजना

छतावरील प्रकाशयोजना म्हणजे घरातील प्रत्येक खोलीच्या छतावर बसवावयाच्या दिव्यांची संख्या, जागा, तेज व रंगछटा यांची आखणी होय. घराच्या नूतनीकरणात ही आखणी गिलाव्यापूर्वी पूर्ण करावी लागते. वायरिंगच्या नळ्या एकदा बुजल्यावर दिव्याची जागा बदलायची झाल्यास भिंत फोडावी लागते किंवा उघड्या पट्टीतून वायर न्यावी लागते.

छपराचा प्रकार

वाशीम जिल्ह्याच्या रिसोड तालुक्यातील रिठद हे गाव विदर्भात आहे. विदर्भाच्या ग्रामीण भागात कवेलू किंवा टिनपत्र्यांच्या छपराची घरे आणि सिमेंटच्या स्लॅबची घरे अशी दोन्ही आढळतात. स्लॅबमध्ये दिव्याचा डबा ओततानाच बसवता येतो. टिनपत्रा विद्युतवाहक असल्याने त्याखालील वायर नळीतूनच न्यावी लागते व दिवा आडव्या दांडीला बसवला जातो.

प्रकाशाचे मोजमाप

वॅट ही विजेच्या वापराची मोजणी असून दिव्याचा एकूण प्रकाश ल्युमेनमध्ये मोजतात. एक चौरस मीटर पृष्ठावर एक ल्युमेन प्रकाश पडल्यास ती प्रदीप्ती एक लक्स होते. भारताच्या राष्ट्रीय इमारत संहितेत स्वयंपाकघरासाठी २००, अभ्यासासाठी ३००, तर जिना व स्नानगृहासाठी १०० लक्स सुचवले आहेत.

उदाहरणार्थ, ३ मीटर लांब व २.५ मीटर रुंद स्वयंपाकघरात ओट्याच्या पातळीवर १,५०० ल्युमेन पोहोचावे लागतात. भिंतींत शोषला जाणारा प्रकाश, धूर व धूळ यांमुळे निम्माच प्रकाश पोहोचतो असे धरल्यास सुमारे ३,००० ल्युमेनचे दिवे लागतात. ९ वॅटचा एलईडी बल्ब साधारणतः ९०० ल्युमेन प्रकाश देतो.

खोलीनिहाय निवड

* स्वयंपाकघर: छताच्या मध्यभागी एकच दिवा असल्यास ओट्याशी उभ्या व्यक्तीची सावली विळीवर व चुलीवर पडते. त्यामुळे एक दिवा ओट्याच्या वर लावतात.
* बैठक: पात्यांच्या वर दिवा असल्यास फिरती सावली पडून प्रकाश लुकलुकतो. १,२०० मिलिमीटरच्या पंख्यासाठी दिवे मध्यापासून ६०० मिलिमीटरहून दूर ठेवतात.
* शयनगृह: सुमारे २,७०० ते ३,००० केल्विनचा पिवळसर प्रकाश निवडतात. दिवा थेट उशीवर नसावा.
* जिना: पायरीची कड स्पष्ट दिसणे महत्त्वाचे असते. वर व खाली दोन्हीकडून चालणारे बटण बसवतात.
* स्नानगृह: पाण्याच्या शिंतोड्यांपासून संरक्षित असा बंद दिवा वापरतात.

खोटे छत

खोट्या छतामुळे खोलीची उंची कमी होते. संहितेनुसार राहत्या खोलीची उंची किमान २.७५ मीटर असावी आणि जमिनीपासून पंख्याच्या सर्वांत खालच्या भागापर्यंतचे अंतर २.४ मीटरहून कमी नसावे. कमी उंचीच्या घरात म्हणून छताला चिकटून बसणारे दिवे अधिक सोयीचे ठरतात.