‘मराठी’ शब्द उभा करूया : आयसोमेट्रिक अक्षरचित्र



२७ फेब्रुवारीच्या मराठी भाषा गौरव दिनासाठी मुलं संगणकावर फलक करायला बसली, की कुणीतरी थ्रीडीचं तयार बटण दाबतंच. अक्षरं जाड होतात, चकाकतात, पण शब्द लांबून वाचता येत नाही. आणि तसं का झालं हे मुलाला सांगताही येत नाही. म्हणून आज ‘मराठी’ हा एकच शब्द घेऊन, बटण न दाबता, आयसोमेट्रिक अक्षरचित्र कसं करायचं ते पाहू.

आयसोमेट्रिक म्हणजे समान माप. रेल्वेचे रूळ दूरवर जुळल्यासारखे दिसतात, तसं इथे होत नाही. समांतर रेषा समांतरच राहतात आणि दूरची वस्तू लहान होत नाही. केंब्रिजचे प्राध्यापक विल्यम फॅरिश यांनी १८२२ मध्ये ही पद्धत मांडली, ती यंत्रांच्या नमुन्यांची चित्रं काढण्यासाठी. चित्रावरून जोडणी करणाऱ्याला माप कळायला हवं ना! आपल्याला तिचा फायदा वेगळा आहे : शेवटचा ‘ठी’ पहिल्या ‘म’ एवढाच मोठा राहतो, शब्द कुठेही बारीक होत नाही.

नियम थोडकेच. उभ्या रेषा उभ्याच. बाकीच्या दोन दिशा आडव्या रेषेशी ३० अंशांत, एक डावीकडे वर जाणारी आणि एक उजवीकडे. घनाकृतींच्या धड्यात मुलं जो त्रिकोणी ठिपक्यांचा कागद वापरतात, तोच हा हिशेब. आधी त्या कागदावर एक ठोकळा काढून घ्या, मग संगणक उघडा. (एलिमेंटरी, इंटरमीजिएटला बसणाऱ्या मुलांना भूमिती आणि अक्षरलेखनाची ही जोडी ओळखीचीच वाटेल.)

इंकस्केप मोफत मिळतं, त्यात करू. शब्द युनिकोडमध्ये टाइप करा. टाइप जाड घ्या. मुंबईच्या ‘एक टाइप’चे ‘बालू’ आणि ‘मुक्ता’ मोफत आहेत आणि या कामाला छान. मग ‘ऑब्जेक्ट टू पाथ’ करून अक्षरांचे आकार करा, गट सोडवा आणि सगळे निवडून ‘युनियन’ द्या.

ही ‘युनियन’ची पायरी इंग्रजी धड्यांत बहुतेक सापडणार नाही, कारण त्यांची अक्षरं सुटी असतात. आपल्या अक्षरांच्या शिरोरेषा एकमेकींवर थोड्या चढलेल्या असतात. त्या एक केल्या नाहीत, तर जाडी देताना प्रत्येक जोडावर आत नको ती भिंत उभी राहते. एक केल्या, की अख्खी शिरोरेषा एक लांब तुळई होते आणि अक्षरं तिला लटकलेली दिसतात.

आता ‘ट्रान्सफॉर्म’मध्ये रुंदी ८६.६ टक्के करा, उंचीला हात लावू नका. मग उभ्या दिशेने ३० अंश ‘स्क्यू’ द्या, असा की उजवं टोक खाली येईल. उलट झालं तर उणे ३० टाका. बरोबर झालं का, ते तपासायला सोपा हिशेब आहे. मूळ शब्द १००० पिक्सेल रुंद असेल, तर आता तो ८६६ रुंद दिसेल आणि उजवं टोक ५०० ने खाली उतरलेलं असेल.

शब्द उतरता का? चढता जास्त उत्साही दिसतो, खरंय. पण ‘म’चा दंड, ‘रा’चा काना, ‘ठी’ची वेलांटी, सगळ्यांच्या उभ्या रेषा उजवीकडे आहेत. शब्द उतरता ठेवला की उजव्या बाजू दिसतात, म्हणजे सरळ, स्वच्छ पट्ट्या मिळतात.

जाडीसाठी आकाराची प्रत काढून मागे ठेवा आणि २६ पिक्सेल उजवीकडे, १५ वर सरकवा. ही दिशा जवळजवळ ३० अंशांचीच, आणि जाडी ३०. मग पुढचे-मागचे कोपरे रेषांनी जोडून पट्ट्या भरा. हे ‘मोशन’ या सोयीनेही होतं, पण पहिल्या वेळी मुलांना हातानेच करू द्या. ‘ठ’ गोल आहे, त्याला कोपरा कुठून येणार? तिथे तीच ३० अंशांची रेषा गोलाला जिथे नुसती स्पर्श करते, तिथून पट्टी सुरू होते. ‘ठ’च्या पोकळीत डावी भिंत आणि तळ दिसतो, छत दिसत नाही. का दिसत नाही, हे मुलांनाच विचारा. उत्तर आलं की धडा समजला!

रंग तीनच. वरच्या बाजू सगळ्यांत फिक्या, उजव्या बाजू सगळ्यांत गडद, दर्शनी भाग मधला. वेलांटीच्या कमानीतून मागची फिकी तुळई दिसली पाहिजे. जमिनीवरची सावली किंवा दगडाचा पोत हवा असेल तर चित्र गिंपमध्ये नेऊन वेगळ्या लेयरवर करा, मात्र दर्शनी भागावर पोत नको, तिथेच वाचन बिघडतं.

पुढच्या वेळी ‘आनंद’ घेतलात तर अनुस्वार हवेत तरंगेल. तो तसाच, त्याच जाडीचा राहू द्या. आधार म्हणून त्याला खाली दांडी जोडली, तर ते वेगळंच चिन्ह वाटू लागतं.