हेरपटांतील उपेक्षित मोटारी आणि यंत्रांची लोकस्मृती

जेम्स बाँडची मोटार कोणती, असा प्रश्न केला असता बहुतेक प्रेक्षक ‘ॲस्टन मार्टिन’ हेच उत्तर देतील. वस्तुतः या चित्रपटमालेतील पहिल्या चित्रपटात, म्हणजे १९६२ साली प्रदर्शित झालेल्या ‘डॉ. नो’मध्ये, नायक चालवितो ती सनबीम अल्पाइन ही फिकट निळ्या रंगाची, उघड्या टपाची ब्रिटिश स्पोर्ट्‌स मोटार होय. ॲस्टन मार्टिन डीबी ५ ही पडद्यावर आली ती त्यानंतर दोन वर्षांनी, ‘गोल्डफिंगर’मध्ये. प्रथम आलेली मोटार विस्मृतीत जावी आणि मागाहून आलेली प्रतीक ठरावी, याचे कारण काय? प्रस्तुत लेखात या प्रश्नाचा विचार करावयाचा असून, त्याचा आपल्या सातारा-सांगली भागातील यंत्रोद्योगाच्या इतिहासलेखनाशी असलेला संबंधही दाखवावयाचा आहे.

अल्पाइनचे यांत्रिक गुण गौण होते म्हणून ती विसरली गेली, असे म्हणता येत नाही. ‘डॉ. नो’मध्ये एक शववाहिका बाँडचा पाठलाग करते; डोंगरी रस्त्यावर आडव्या उभ्या असलेल्या यंत्राच्या दांड्याखालून अल्पाइन तिच्या ठेंगण्या बांधणीमुळे निसटते आणि शववाहिका दरीत कोसळते. म्हणजे नायकाचे प्राण येथे मोटारीच्या घडणीनेच वाचतात. परंतु हा गुण प्रेक्षकांस आधी कोणी सांगितलेला नसतो. याउलट ‘गोल्डफिंगर’मध्ये शस्त्रतज्ज्ञ क्यू हा मोटारीतील एकेक योजना बाँडला समजावून देतो. बाहेर फेकले जाणारे आसन, धुराचा पडदा, तेलाचा सडा, दडविलेल्या बंदुका यांचे हे वर्णन म्हणजे प्रेक्षकांस दिलेले वचनच असते, आणि पुढील प्रसंगांत त्या वचनाची पूर्तता होते. परिचय, प्रतीक्षा आणि पूर्तता या तीन पायऱ्यांमुळे वस्तूला पात्राचे स्थान प्राप्त होते. त्यात १९६५ साली कॉर्गी कंपनीने याच मोटारीचे खेळणे बाजारात आणले आणि पडद्यावरील स्मृती घरोघर पोचली.

अन्य उदाहरणांवरूनही हेच दिसून येते. १९६९ च्या ‘ऑन हर मॅजेस्टीज सीक्रेट सर्व्हिस’मध्ये नायकाच्या नवपरिणीत पत्नीचा अंत ॲस्टन मार्टिन डीबीएसमध्ये होतो. प्रसंग इतका करुण असूनही ती मोटार डीबी ५ च्या कीर्तीस पोचली नाही. १९७१ च्या ‘डायमंड्‌स आर फॉरएव्हर’मध्ये बाँड चालवितो ती ट्रायम्फ स्टॅग तर कथेतच दुसऱ्याची, पीटर फ्रँक्स नामक तस्कराची आहे. उलट १९७७ च्या ‘द स्पाय हू लव्ह्‌ड मी’मधील लोटस एस्प्री पाण्याखाली पाणबुडी बनते आणि म्हणून स्मरणात राहते. केवळ उपस्थितीने किंवा भावनेने नव्हे, तर कथेने नेमून दिलेल्या कार्याने वस्तू लक्षात राहते, असा निष्कर्ष यावरून काढता येईल.

आता या उपेक्षित मोटारींचे कूळ पाहावे. अल्पाइनचा पाया हिलमन हस्की या साध्या कौटुंबिक मोटारीवरून घेतलेला होता. हिलमन व सनबीम ही दोन्ही नावे रूट्‌स समूहाची. याच समूहाने १९४९ साली मुंबईत ‘ऑटोमोबाइल प्रॉडक्ट्‌स ऑफ इंडिया’ ही कंपनी स्थापन केली. स्टॅगचे रूप रेखाटणारे इटालियन आकारकार जोव्हान्नी मिकेलोत्ती यांनीच ट्रायम्फ हेराल्डचीही आकृती केली होती, आणि तीच हेराल्ड १९६१ पासून मद्रास येथे ‘स्टँडर्ड हेराल्ड’ या नावाने तयार होऊ लागली. तात्पर्य, उत्पादनाच्या इतिहासात भारतीय रस्त्यांशी जवळचे नाते आहे ते या विसरलेल्या मोटारींचे, डीबी ५ चे नव्हे. कीर्तीच्या मागे जाणाऱ्या अभ्यासकास हे नाते दिसणार नाही.

हाच दृष्टिदोष आपल्या प्रदेशाविषयीही संभवतो. लक्ष्मणराव किर्लोस्कर यांनी १९१० साली तत्कालीन औंध संस्थानात किर्लोस्करवाडी वसविली. ती आज सांगली जिल्ह्यात मोडते. धनजीशा कूपर यांनी १९२२ साली सातारा रोड येथे कारखाना काढला. दोन्ही ठिकाणी लोखंडी नांगर घडले, आणि पुढे दोन्ही नावे डिझेल इंजिनांशी जोडली गेली. परंतु किर्लोस्करवाडीतून १९२० साली ‘किर्लोस्कर खबर’ निघू लागले. शंकरराव किर्लोस्कर यांच्या संपादनाखाली कारखान्याच्या मालाची वार्ता देणारे हे पत्र पुढे मराठीतील एक प्रमुख मासिक झाले. नांगराचा परिचय, त्याविषयीची अपेक्षा आणि त्याच्या कार्याची हकीकत या तिन्ही गोष्टी वाचकांपर्यंत नेण्याचे साधन त्या कारखान्यास घरचेच लाभले. कूपर यांचे नाव १९३७ सालच्या मुंबई प्रांताच्या हंगामी मंत्रिमंडळाचे प्रमुख म्हणून राजकीय इतिहासात नोंदले गेले आहे. त्यांच्या नांगराला मात्र असे मासिक लाभले नाही. क्यूने एका मोटारीसाठी जे केले, तेच येथे एका मासिकाने केले, असे म्हणावयास हरकत नाही.

यात किर्लोस्करांच्या कर्तृत्वास उणेपणा आणण्याचा हेतू नाही. प्रसिद्धी हा महत्त्वाचा पुरावा मानला जाऊ नये, एवढेच सांगावयाचे आहे. चित्रपटाभ्यासात पडद्यावरील कार्य आणि यंत्राचे मूळ यांची नोंद वेगवेगळी ठेवावी लागते. तशीच ती उद्योगाच्या इतिहासातही ठेवली पाहिजे. ब्रिटिश मोटारींच्या बाबतीत हौशी मालकांच्या संघांनी सुट्या भागांपासून क्रमांकांपर्यंत सर्व तपशील जपला, म्हणून अल्पाइनचा अभ्यास आजही शक्य आहे. जुना नांगर वा इंजिन भंगारात गेले म्हणजे त्यावरील क्रमांकपट्टीही जाते आणि पुरावा कायमचा नष्ट होतो. सांगलीत १९४७ पासून अभियांत्रिकी महाविद्यालय आहे, आणि यंत्रे हाताळलेले वृद्ध कारागीर व शेतकरी गावोगाव भेटतात. पदव्युत्तर विद्यार्थ्यांनी एकेक तालुका घेऊन अशा यंत्रांची बनावट, क्रमांक, वापर आणि दुरुस्ती यांची नोंद केल्यास मासिकाबाहेर राहिलेला हा इतिहास हाती लागेल. हे काम भंगारवाल्याच्या आधी व्हावयास हवे.